फेतूच्या अंगणातली बैठक

फेतूला कोणी शिल्पकार म्हटलं की ती मागे वळून बघायची, जणू तिच्या पाठीशी दुसरं कोणी उभं आहे. मग हसायची. तिचं हसणं आधी यायचं आणि विनोद मागून. त्यामुळे विनोद बेताचा असला तरी समोरचा तोवर हसून मोकळा झालेला असे.

ती आमची शेजारीण. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला, लाँग बीचच्या बंदराच्या अलीकडे कार्सन नावाचं गाव आहे. ऐंशीच्या दशकात तिथे आमची घरं शेजारीशेजारी होती. मी एका कंपनीत स्ट्रक्चरल इंजिनिअर होतो. दुसऱ्यांनी काढलेली गणितं बरोबर आहेत का ते तपासायचं, हे माझं काम. मला शिल्पकलेतलं काही कळत नाही. एखादी गोष्ट किती वजनाची आहे आणि ती कशावर उभी आहे, एवढंच मी बघतो. तरीही फेतूबद्दल लिहायला बसलोय, कारण तिच्या कामातलं वजन मला माहीत होतं आणि ते कशावर उभं होतं हे हळूहळू कळत गेलं.

फेतू मूळची सामोआची, म्हणजे पॅसिफिक महासागराच्या मधोमध असलेल्या बेटांवरची. वडील अमेरिकन नौदलात होते म्हणून लहानपणीच कॅलिफोर्नियात आली. दिवसा ती बंदरातल्या एका यार्डात जहाजांचे पत्रे वेल्डिंग करायची. हातांवर ठिणग्यांचे ठिपके, डोक्यावर वेल्डरची कापडी टोपी आणि त्या टोपीखाली कानामागे एक फूल. फूल नसेल त्या दिवशी तिचा मूड बरा नाही असं आम्ही समजायचो, आणि असे दिवस फार थोडे असत. गाडी बारा महिने रस्त्यावर, कारण गराजमध्ये तिचं घराणं राहायचं. मामाचा कोपर, मावशीचे गुडघे, आजोबांची पाठ, सगळं काँक्रीटचं. पूर्ण माणूस तिने कधी केला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "पूर्ण केला की पुतळा होतो. पुतळ्याला कबुतरांशिवाय कोण भेटायला येतं?"

आमची ओळख अळूवरून झाली. तिच्या मागच्या अंगणात अळूचा वाफा होता. नलिनी, म्हणजे माझी बायको, कुंपणावरून तो बघून इतकी हरखली की ओळखपाळख नसताना तिने पानं मागितली. अळूवड्या करून डबा भरून पाठवला. दोन दिवसांनी तोच डबा परत आला, त्यात त्याच पानांत नारळाचं घट्ट दूध घालून वाफवलेला सामोआचा प्रकार. सोबत निरोप, की तुमचंही छान होतं, पण नारळाचं दूध घालायला विसरलात. नलिनीने उलट कळवलं की तुम्ही बेसन विसरलात. तिच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, आणि आपल्याकडेही नाही. त्यामुळे तो डबा वर्षानुवर्षं कुंपणावरून ये-जा करत राहिला आणि शेवटी तो मुळात कोणाचा यावर दोघींचं एकमत होईना.

फेतूबरोबर तिची आई राहायची. तिचं नाव मसीना. आमची मुलगी रेवा तिला आजी म्हणायची. मसीनाला वाटलं, आजी हे आपल्या नावाचं भारतीय रूप असावं, म्हणून तीही त्या हाकेला ओ द्यायची. बाई अंगाने भरदार, आवाजाने त्याहून भरदार. इंग्रजी कामापुरतं. दारात खुर्ची टाकून पत्ते खेळायची आणि समोरचा लहान असो वा मोठा, उघडपणे फसवायची. पकडलं तर म्हणायची, "माझ्या वयात फसवत नाहीत, शिकवतात."

आता त्या चौथऱ्याची गोष्ट.

नलिनीची तुळस दह्याच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्यात होती. एक वृंदावन बांधून द्या, असं ती मला बरेच दिवस सांगत होती आणि मी ड्रॉइंग काढतोय असं मी तिला बरेच दिवस सांगत होतो. एका सकाळी तिला तुळशीला पाणी घालताना फेतूने बघितलं आणि हे काय म्हणून विचारलं. नलिनीने सगळं समजावून सांगितलं. आमच्याकडे घरासमोर चौथरा असतो, त्याला हात जोडतात, संध्याकाळी दिवा लावतात. फेतूचे डोळे मोठे झाले. म्हणाली, आमच्याकडेही घरासमोर असाच चौथरा असतो, पायऱ्यापायऱ्यांचा, फुलं वाहतात, दिवा लावतात, आणि मी आईसाठी तसाच एक बांधणार आहे. नलिनीने मला ते ऐकवलं, वर म्हणाली, "बघा. सामोआची बाई बांधतेय, आणि आमच्याकडे इंजिनिअर आहे."

महिन्याभरात फेतूच्या पुढच्या हिरवळीवर काँक्रीटचा तीन पायऱ्यांचा चौथरा उभा राहिला. खालची पायरी सगळ्यात रुंद, वरची एका माणसाच्या लांबीची. कडा अशा सरळ की मी लेव्हल लावून बघितली आणि गुपचूप परत ठेवली. तुळशीचं लग्न जवळ आलं होतं. यंदा तुमच्या चौथऱ्यावर लावलं तर चालेल का, असं नलिनीने विचारलं. फेतूला आनंद झाला आणि मसीनाला फेतूहून जास्त.

आसपासची दोन-तीन मराठी कुटुंबं आली. ऊस मेक्सिकन दुकानातून आणला. वरच्या पायरीवर तुळस, समोर पितळी बाळकृष्ण, मध्ये अंतरपाट. मसीना पायघोळ पांढरा झगा घालून आली होती, हातात चर्चमधलं गाण्यांचं पुस्तक. मंगलाष्टकांच्या मध्ये मध्ये तिने आपल्या भाषेतली दोन गाणी खड्या आवाजात म्हटली, आणि खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा सुरात म्हटली. अक्षता टाकायचा तिचा उत्साह एवढा, की बाळकृष्ण कमरेपर्यंत तांदळात बुडाला. सगळं आटोपल्यावर पोहे खाताना आमच्यातल्या एका काकांनी फेतूचं कौतुक केलं, चौथरा फारच सुबक झालाय म्हणाले, आणि तो मुळात कशासाठी बांधला ते विचारलं.

"आईची कबर," फेतू म्हणाली.

मसीना त्याच चौथऱ्यावर पाय सोडून बसून पोहे खात होती. तिने मान हलवली. काकांचा घास तोंडातच राहिला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "पण आई तर इथे आहेत."

"आहे ना," फेतू म्हणाली. "म्हणून तर घाई नाही."

घरी येऊन नलिनीने डोक्यावरून अंघोळ केली. बाहेर येऊन केस पुसत म्हणाली, "अहो, आपण कबरीवर तुळशीचं लग्न लावलं."  मग तिला आठवलं की तिच्या माहेरच्या गावी एका सत्पुरुषाच्या समाधीवर वृंदावनच आहे आणि त्याला रोज पाणी घालतात. त्यावर ती शांत झोपली. दुसऱ्या संध्याकाळी तिने शेजारच्या चौथऱ्यावर दिवा लावला, आणि पुढे लावतच राहिली.

फेतूने नंतर मला नीट सांगितलं. सामोआत माणूस गेला की त्याला आपल्याच घरासमोर पुरतात. वर पायऱ्यांची कबर बांधतात. जितक्या पायऱ्या तितका मान. आणि मग ती कबर घराचा भाग होऊन जाते. मुलं तिच्यावर बसून अभ्यास करतात, बायका कपडे वाळत घालतात, दुपारी कोणी तिथेच आडवं होतं. गेलेला माणूस कुठे जात नाही, पुढच्या अंगणात असतो. मसीनाला तसंच हवं होतं. पण घर आता कार्सनमध्ये होतं, आणि इथे अंगणात माणूस पुरायला कायद्याने बंदी. सामोआत पाठवावं तर तिथल्या घरात फक्त मसीनाचा धाकटा भाऊ, आणि फेतूला ते घर आठवतही नव्हतं. इथल्या कबरस्तानात ठेवावं तर सगळे अनोळखी आणि संध्याकाळी फाटक बंद. "मग आई कुठे राहणार?" फेतू म्हणाली. तेवढी एक गोष्ट ती हसल्याशिवाय बोलली. निदान कबर तरी घरासमोर असू दे, आत कोणी असो वा नसो, असं म्हणून तिने हा चौथरा सुरू केला होता. पुढे त्याचं काय करायचं हे तिलाही ठाऊक नव्हतं.

मी मदत म्हणून आपल्याकडची पद्धत सांगितली. दहन केलं तर अस्थी घरी ठेवता येतात, त्याला इथला कायदा आड येत नाही. फेतूने ते आईला भाषांतर करून सांगितलं. मसीनाने मला आपादमस्तक न्याहाळलं. सामोआत जमिनीत खड्डा करून तापलेल्या दगडांवर डुक्कर भाजतात, तो तिथला सणाचा स्वयंपाक. ती म्हणाली, "मिस्टर, भाजतात ते डुक्कर. तेसुद्धा पाहुणे आल्यावर." दहनाचा विषय तिथे संपला.

पुढे नगरपालिकेचा माणूस आला. कोपऱ्यावरच्या एका गृहस्थांनी तक्रार केली होती. माणूस सभ्य होता, टोपी काढून बोलला. पुढच्या अंगणातलं पक्कं बांधकाम ठरावीक उंचीपेक्षा जास्त असलं तर परवानगी लागते, आणि कबरीला परवानगी मिळणार नाही. कबर नाही, शिल्प आहे, असं फेतूने सांगितलं. त्याने मान्य केलं, पण उंची शिल्पालाही लागू होती. मी टेप लावला. नऊ इंच जास्त भरत होते. मी दोन पर्याय मांडले. वरची पायरी काढायची किंवा तिन्ही थोड्या थोड्या तासायच्या. फेतू ऐकून घेत होती. मग म्हणाली, वरची पायरी आईची, मधली आपल्या पिढीची, ती आणि तिची भावंडं, चुलत-मावसभावंडं. खालची आजी-आजोबांची. कोणाची काढू?

मी म्हटलं, तो माझा प्रांत नाही.

दोन दिवसांनी ती कुंपणापाशी आली. फूल जागेवर होतं. "मिस्टर इंजिनिअर, खालची पायरी जमिनीत पुरते. आजी-आजोबा तसेही जमिनीखालीच आहेत."

रविवारी चर्च सुटल्यावर तिचे भाऊबंद आले, पांढरे शर्ट, गुडघ्याखालपर्यंत गुंडाळलेली वस्त्रं, एकेक जण दाराच्या चौकटीएवढा. पायऱ्या सुट्या ओतलेल्या होत्या, हे तिचं शहाणपण. मी वजन काढून दिलं आणि बारा माणसं लागतील म्हणून सांगितलं. सोळा आले. बाराजणांनी उचललं, चौघांनी सूचना केल्या. हे प्रमाण मला भारतीय प्रकल्पांवरून परिचित होतं. खड्डा झाला, खालची पायरी आत गेली, तिच्यावर बाकीच्या दोन. नगरपालिकेचा माणूस पुन्हा आला, मोजून समाधानाने गेला. जाताना मसीनाने त्याला बसवून पत्त्यांचा एक डाव शिकवला.

त्यानंतर खरं शिल्प सुरू झालं. पायऱ्यांवर फेतू काँक्रीटचा पातळ थर द्यायची, तो अर्धवट सेट झाला की वर प्लॅस्टिक पसरायची आणि घरातल्या एकेकाला त्यावर बसवायची. बसलेल्या माणसाचा खळगा उमटायचा. जो येईल त्याचा खळगा. सामोआच्या भाषेत कुटुंबाला आइंगा म्हणतात. त्यात नेमकं कोण कोण येतं, असं मी विचारलं, कारण पायऱ्यांवर किती भार येणार ते मला काढायचं होतं. तर ती इतकी हसली की विनोदच सांगायचा राहिला.

बसवण्याची तिची तऱ्हा होती. समोर खुर्ची टाकून ती गप्पा मारायची. बसलेला माणूस ताठ झाला की ओरडायची, "सैल बस. पोलीस नाही आले." तिचं म्हणणं, माणूस फोटोसाठी बसतो तो खोटा, आणि गप्पा रंगल्यावर बसतो तो खरा. म्हणून ठसा घ्यायच्या आधी ती प्रत्येकाला एकच गोष्ट विचारायची, की गेलेल्यांपैकी तुला कोणाचा राग येतो. त्यावर माणूस बोलत सुटायचा आणि बरोबर हवा तसा बसायचा. आम्हा तिघांनाही तिने बसवलं. मला राग कोणाचा येतो ते मी सांगितलं, इथे सांगत नाही. माझा खळगा फार उथळ आला. फेतू म्हणाली, "हिशोबी माणूस. काँक्रीटलासुद्धा वजन देत नाही."

वरच्या पायरीवर मसीनाचा खळगा व्हायचा होता. ती काही बसेना. आज नको, जरा बारीक होते आणि मग बसते, असं म्हणायची. फेतू म्हणायची, तुझं वजन धरूनच इंजिनिअरने भार काढलाय, आता बारीक झालीस तर त्याचा अपमान होईल. मसीना तेवढ्यापुरती हसायची आणि पत्ते पिसायची.

याच सुमारास शहरातल्या एका कलादालनाच्या बाई आल्या. त्यांनी गराज बघितलं, चौथरा बघितला, खळग्यांभोवती दोनदा फिरल्या आणि म्हणाल्या की हा स्थलांतराचा आणि मृत्यूचा फार मोठा विचार आहे, हे दालनात यायला हवं. फेतूने विचारलं, तिथे लोक यावर बसतील का? बाई म्हणाल्या, छे, शिल्पाला हात लावू देत नाहीत, दोरी असते. फेतूने त्यांना अळूचा प्रकार खाऊ घातला, गराजमधला मामाचा कोपर आनंदाने दिला आणि चौथऱ्याला नाही म्हटलं. बाई गेल्यावर रेवाने विचारलं, "व्हाय नॉट, फेतू आंटी? यू वुड बी फेमस." फेतू म्हणाली, "आणि दुपारी माझी आई कुठे बसेल? दोरीवर?"

मग मसीना खरंच बारीक झाली. डायबिटीस जुना होता, आता किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं. झगे तिच्या अंगावर वाऱ्याला टांगल्यासारखे दिसू लागले. एका दुपारी ती स्वतःच काठी टेकत अंगणात आली आणि म्हणाली, बारीक झाले, आता घे. फेतूने काँक्रीट कालवलं. मी आणि नलिनी दोन्ही बाजूंना उभे होतो, पडू नये म्हणून. फेतू समोर बसली, पण तिला काही विचारणं जमेना. मग मसीनाच बोलू लागली. नवऱ्याबद्दल, समुद्राबद्दल, कुठल्याशा डुकराबद्दल जे लग्नाच्या दिवशी पळून गेलं. हसता हसता ती हवी तशी सैल बसली. उठताना म्हणाली, "मला विमानात घालू नकोस. मळमळतं. जवळपास ठेव कुठेतरी."

ती पुढच्या उन्हाळ्याआधी गेली.

होनोलुलूमार्गे तिचा धाकटा भाऊ आला. तो घराण्याचा प्रमुख होता. त्यांच्यात अशा माणसाला मताई म्हणतात, आणि अशा बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. पांढरे केस, उंच, कमी बोलणारा. घर माणसांनी भरलं होतं, मयताच्या घरी भेट म्हणून द्यायच्या विणलेल्या मोठमोठ्या चटया येत होत्या, जात होत्या. नलिनी तीन दिवस तिथेच स्वयंपाकघरात होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मामाने चौथऱ्याकडे बोट केलं आणि आत कोण आहे असं फेतूला विचारलं. कोणी नाही, असं तिने सांगितलं. आई जिवंत असताना बांधला का? हो. मग तो जे बोलला ते मला नंतर तिच्याकडून कळलं. रिकामी कबर बांधू नये. ती माणूस मागते. तू ती माझ्या बहिणीला दाखवत राहिलीस. आणि आता मी तिला घरी नेणार, माझ्या अंगणात. तिने मला फोनवर तसं सांगितलंय.

आपल्याला तर जवळ ठेव म्हणाली, असं फेतूने सांगितलं. मामाने मान हलवली. मसीनाने दोघांनाही हो म्हटलं होतं. पत्त्यांत जशी ती दोघांना एकच एक्का दाखवायची, तसं.

फेतू आमच्या मागच्या दाराने आली आणि स्वयंपाकघरात उभी राहिली. कानामागे काही नव्हतं. "मी बोलावलं का तिला?" तिने मला विचारलं. "खरं सांग. तू खरं सांगतोस."

मला सांत्वन जमत नाही. मी म्हटलं, "त्यांचा डायबिटीस तुझ्या काँक्रीटच्या खूप आधीचा होता. त्यांच्या गोळ्या मी स्वतः आणून दिल्यात. चौथऱ्याचा त्यात काहीही भाग नाही." तिने माझ्याकडे तपासून बघितलं, जसं मी दुसऱ्यांचं गणित बघतो तसं. मग नलिनीने तिला खुर्चीत बसवलं, समोर चहा ठेवला. ती म्हणाली, मामाशी भांडता येत नाही. तो नेणार असेल तर नेईल. मग मी वर्षाकाठी एकदा विमानाने जाऊन आईला भेटेन, पाहुण्यासारखी. कुंपणापलीकडे तिचं सगळं घर भरलेलं होतं आणि तिला तिथे परत जायचं नव्हतं.

खिडकीतून फेतूचं पुढचं अंगण दिसत होतं. मामा बाहेर आला होता. एकटाच. चौथऱ्याभोवती फिरत होता, खळगे बघत होता. मग त्याने वरच्या पायरीवरच्या खळग्यावर हात ठेवला आणि कोणाला तरी हाक मारली. फेतू उठून गेली. आम्हीही मागोमाग गेलो, कारण तिला एकटीला जाऊ देणं नलिनीला बरं वाटेना.

मामा आमच्यासाठी इंग्रजीत बोलला. "हा कोणत्या मुलाचा?"

"आईचा," फेतू म्हणाली.

 आपला पंजा त्याने खळग्यात पसरून ठेवला. पंजाने त्यातला बराच भाग भरला. बोटं कडेवरून फिरवली, पुन्हा ठेवली. मग तो खालच्या पायरीवर, कोणाच्या तरी खळग्यात, बसला.

"मी तिला शेवटचं बघितलं तेव्हा ती दारातून आडवी जायची," तो म्हणाला. "आमच्या घराचं दार तिच्यासाठी मोठं केलं होतं."  आत कोणीतरी गाणं धरलं होतं. "फोनवर आवाज तर तसाच होता."

फेतू त्याच्या शेजारी बसली. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तिला वाळताना जिने पाहिलं, तिच्याजवळ राहू दे."

घराण्याच्या प्रमुखाचा शब्द तो. आत जाऊन त्याने तो सगळ्यांना सांगितला, आणि कोणी पुन्हा प्रश्न काढला नाही.

फेतूने कबरस्तान निवडलं ते यार्डाच्या रस्त्यावरचं. तिथे उभे दगड चालत नाहीत. गवताच्या पातळीला एक सपाट पाटी, बस्स. गवत कापायचं यंत्र वरून सरळ जायला हवं म्हणून. मी नियमांचा कागद मागितला, काही वाट निघते का बघू म्हटलं. फेतू म्हणाली, राहू दे, एवढी पाटी पुरे.

पुढे माझी बदली मिनेसोटाला, ईडन प्रेरीला झाली. निघायच्या आठवड्यात सामान आवरणं, घर दाखवणं यात फेतूशी धड बोलणं झालं नव्हतं. ती यार्डात जादा पाळ्या करत होती. शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही बंदराकडे निघालो होतो, सामानाच्या कंपनीचं काही काम होतं. कबरस्तानापाशी नलिनी म्हणाली, आजींना नमस्कार करून जाऊ. गाडी फाटकाशी लावून आम्ही आत गेलो.

फेतू तिथेच होती. जेवणाची सुट्टी असावी. बूट काढून बाजूला ठेवलेले, कागदी पिशवी उघडी, पाटीच्या शेजारी ती गवतावर उताणी पडली होती, वेल्डरची टोपी तोंडावर. झोप लागलेली होती. पोट वरखाली होत होतं.

पलीकडून गवत कापायचं यंत्र येत होतं. त्यावर एक म्हातारा माळी बसला होता. रांगेने, पाट्यांवरून, तो सरळ तिच्यापर्यंत आला आणि थांबला. नलिनीने माझा हात धरला. मी तिला उठवायला निघालो होतो. पण माळ्याने आवाज कमी केला, यंत्र थोडं मागे घेतलं आणि सावकाश तिच्या डोक्याकडून, मग पायांकडून वळसा घालून तो पुढच्या पाट्यांकडे निघून गेला. सगळीकडे गवत एकसारखं कापलेलं होतं. तिच्या अंगाभोवतीचं आणि पाटीभोवतीचं तेवढं उंच राहिलं.

आम्ही तिला उठवलं नाही.